ट्वेटनच्या गोठ्यातला लंबक

ऑर्विल ट्वेटनच्या अंगणात त्या शनिवारी टँकर वळवायला जागा उरली नव्हती. मी दूध न्यायला आलो, तर पिकअप गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. विस्कॉन्सिनच्या आमच्या टोकाला एवढी माणसं एकतर मयताला जमतात, नाहीतर चर्चच्या तळघरात माशाचं जेवण असलं की. पण इथे ना कोणी मेलं होतं, ना मासे शिजत होते. गोठ्यात चमत्कार चालू होता.

मधल्या बोळात व्हर्लिन टॅगर्ट उभा होता. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, पायात मगरीच्या कातड्याचे बूट. ज्याला शेणात चालायचंय तो असले बूट घालून येत नाही, एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. हातात रेशमी दोरीला टांगलेला चकचकीत लंबक.

"शांत! गाय बोलतेय!" तो कुजबुजला.

गाय रवंथ करत होती. त्याने लंबक तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे धरला. लंबक थरथरला आणि कुणी ओढल्यासारखा पोटाकडे झेपावला. गोठाभर "अरे बापरे!" झालं. म्हातारा क्वामे तर टोपी काढून उभा राहिला.

"काळं विष," टॅगर्ट म्हणाला. "जमिनीतून वर चढतं, थेट रक्तात. या गाईचं दूध तुमच्या नातवंडांच्या पेल्यात जातंय, मित्रांनो!"

मग त्याने तिला बाटलीतलं हिरवं पाणी पाजलं, डोळे मिटून काहीबाही पुटपुटत बाटली खिशात ठेवली आणि लंबक पुन्हा धरला. आता तो मेल्यासारखा सरळ लटकला. विष उतरलं! टाळ्या पडल्या. काही गाईंचं विष मात्र "फार खोल गेलेलं" निघायचं. त्या लगेच काढून टाकाव्या लागत. योगायोग असा, की टॅगर्टचा मेहुणा डेल जनावरांची गाडी घेऊन बाहेरच उभा असे आणि विषारी गाई मातीमोल भावात नेण्याचे उपकार करत असे. ऑर्विलच्या सहा गाई तशा गेल्या होत्या. सहाही भरपूर दुधाच्या. हा योगायोगसुद्धा कुणाला खटकला नाही. आमच्या गावात कुणी टँकरचा टायर विकत घेतला तर दहा ठिकाणी चौकशी करतो. पण दोरीला टांगलेल्या धातूच्या तुकड्यावर सगळ्यांचा एका दिवसात विश्वास बसला.

टॅगर्टने गोठ्याच्या दाराला सोनेरी चौकट लटकवली होती: 'गो-चैतन्य तज्ज्ञांचे जागतिक मंडळ'. खाली दोन लाल मोहरा. हे मंडळ कुठल्या गावी आहे, तिथे परीक्षा कोण घेतो, किती जण नापास होतात, असं विचारणारा गावात एकही निघाला नाही.

आमच्याकडे खरी तज्ज्ञ होती, आणि तिचीच थट्टा चालायची. डॉक्टर ब्रिटा स्कोगन इथे कित्येक वर्षं गाईंची बाळंतपणं करत होती. चांगलं चाललेलं असताना तिने दुभत्या जनावरांची तज्ज्ञ म्हणून पशुवैद्यांच्या मंडळाची परीक्षा द्यायचं ठरवलं. दिवसभर गोठे, उरलेल्या वेळात अभ्यास. हाताळलेल्या आजारांची टिपणं अनोळखी परीक्षकांना पाठवायची. पहिलं टिपण परत आलं, त्यावर एकच शेरा: "हा अंदाज आहे की पुरावा?" पहिल्या वेळी ती नापास झाली, दुसऱ्यांदा पास. शिवाय काही वर्षांनी पुन्हा सिद्ध करून दाखवावं लागतं, नाहीतर तज्ज्ञपण जातं.

"वासरू ओढायला कागद कशाला लागतो?" फीडच्या, म्हणजे पशुखाद्याच्या, दुकानात माणसं हसायची. आणि आता म्हणत होती, "टॅगर्टकडेपण मंडळाचा कागद आहेच की. तोही सोनेरी!"

ऑर्विलची बायको मर्ना हिची एक लाडकी गाय होती, रग्ना. बहिणीचा गोठा मोडला तेव्हा मर्नाने ती तिच्याकडून आणली होती. त्याच आठवड्यात रग्नाने वैरण सोडली. पाठीला बाक, कोपरं बाहेर काढलेली, पाऊल टाकताना कण्हायची. टॅगर्टने लंबक धरला, तो हललाच नाही.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आळशी आहे नुसती. मर्ना, फार लाडावून ठेवलीस तू हिला."

मर्नाने चार दिवस वाट पाहिली आणि नवऱ्याला न विचारता ब्रिटाला बोलावलं. मी तेव्हा टाकीला नळी जोडत होतो. ब्रिटाने ताप पाहिला, मानेच्या फुगलेल्या शिरांवरून बोट फिरवलं, बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. खांद्यामागची कातडी चिमटीत धरून दाबली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली झुकवते. रग्नाने पाठ ताठ धरली आणि कण्हली.

"हिने तार गिळलीय," ब्रिटा म्हणाली. "ती हृदयाच्या पिशवीपर्यंत पोचलीय. मर्ना, आठवड्यापूर्वी काहीतरी करता आलं असतं. आता नाही."

"लंबक सांगतो ठणठणीत, आणि तुम्ही म्हणता मेली!" ऑर्विल तडकला. "दोघांकडे मंडळाचा कागद. मी कुणाचं ऐकू, डॉक्टरबाई?"

"माझं ऐकू नकोस. मी हिला शांतपणे जाऊ देते. मग तुझ्यासमोर उघडते, तूच बघ."

मर्नाने गाईचं डोकं मांडीवर घेतलं. शेवटपर्यंत तिच्या कानामागे खाजवत राहिली. नंतर ब्रिटाने पोट उघडलं. कुंपणाच्या तारेचा बोटभर गंजका तुकडा पुढच्या पोटातून आरपार जाऊन हृदयाच्या पिशवीत रुतला होता. ऑर्विल भिंतीला टेकून खाली बसला.

ब्रिटा मात्र अजून पोटात हात घालून चाचपत होती. "हिच्या पोटात चुंबक कसं नाही?"

"चुंबक? ते मी कालवडींना देतो. ही मोठी होऊन आली, राहून गेलं." गाई चावल्याशिवाय गिळतात. पोटातलं चुंबक खिळे-तारा धरून ठेवतं, म्हणून आमच्याकडे प्रत्येक जण ते कालवडीच्या घशात सारतो.

"आणि विषारी ठरल्या त्या सहा?"

"घरच्याच. सगळ्यांना मीच..." ऑर्विल बोलता बोलता थांबला.

"थांब. हा अजून अंदाज आहे," ब्रिटा म्हणाली. तिने गाडीतून होकायंत्र आणलं आणि एकेका गाईच्या डाव्या कोपरामागे धरलं. चुंबक दिलेल्या प्रत्येक गाईपाशी काटा गर्रकन फिरला. विकत आणलेल्या दोन गाईंना चुंबक दिलं नव्हतं, तिथे तो हलला नाही. विषबिष काही नव्हतं. ऑर्विलने स्वतःच्या हाताने घशात घातलेलं चुंबक टॅगर्ट त्यालाच विष म्हणून दाखवत होता.

"कुणाला सांगू नका," ऑर्विल पुटपुटला. "मी तोंड कुठे दाखवू?"

"सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्यास ना? आता सगळ्यांसमोरच तोंड दाखव," मर्ना म्हणाली.

पुढच्या शनिवारी गर्दी पुन्हा जमली. टॅगर्टने लंबक बाहेर काढला, तेव्हा ब्रिटाने गोणपाटाने झाकलेल्या दोन बादल्या पुढे ठेवल्या.

"यातली आजारी कुठली, सांगा."

"बाई, मी जिवंत प्राण्यांचा वैद्य आहे. बादल्यांचा नाही!"

लोक हसले. टॅगर्टही हसला. तेवढ्यात मर्नाने त्याच्या हातातला लंबक हिसकावला आणि पहिल्या बादलीवर धरला. काही नाही. दुसऱ्या बादलीवर धरताच लंबक झेपावून गोणपाटाला चिकटला. ब्रिटाने गोणपाट काढला. आत दुकानात मिळतं तसं गाईला द्यायचं चुंबक होतं.

"बादलीला काळं विष चढलंय का, मिस्टर टॅगर्ट?" ब्रिटाने विचारलं. "आणि मर्ना म्हणते, पाणी पाजून झालं की दर वेळी तुमचा हात खिशात जातो. तो का?"

"आमच्या विद्येचा हा अपमान आहे! माझं मंडळ—"

ऑर्विलने आपला फावड्याएवढा पंजा पुढे केला. "खिसा."

टॅगर्टने दाराकडे पाहिलं. दारात मी उभा होतो. खिशातून दुसरा लंबक निघाला, हुबेहूब तसाच, पण पितळेचा. मुलामा तेवढा चांदीचा. चुंबक त्याला ओढणार नव्हतं. पहिला लंबक रोग दाखवायला, दुसरा बरा करायला. एवढीच त्याची वैद्यकी.

डेलची गाडी तोवर पसार झाली होती. टॅगर्टला शेरीफ घेऊन गेला. ऑर्विलच्या गाई परत मिळाल्या नाहीत. दोन जिल्ह्यांपलीकडच्या एका टँकरवाल्याने मला सांगितलं, त्यांतल्या तीन तिकडे दणकून दूध देतायत. हे ऐकून ऑर्विल आठवडाभर फीडच्या दुकानात फिरकला नाही.

आणि गाव शहाणं झालं म्हणता? क्वामेने मला हळूच विचारलं, "तो टॅगर्ट सुटल्यावर भेटेल का रे कुठे? माझे गुडघे दुखतात."

आता मी सरळच बोलतो. कागद पुजायचा नसतो, सोनेरी असो वा साधा. ब्रिटाच्या कागदाची किंमत त्यावरच्या मोहरेत नाही. तिच्याहून जास्त जाणणाऱ्या माणसांनी तिला नापास केलं, तिच्या चुका तिला दाखवल्या आणि पुन्हा तपासायचा हक्क राखून ठेवला, त्यात आहे. म्हणून आपल्या गोठ्यात, आपल्या घरात कुणी तज्ज्ञ म्हणून पाय ठेवला, की त्याला विचारा: तुझी परीक्षा कोणी घेतली? तू चुकलास तर तुला जाब कोण विचारतो? उत्तर देणारा खुर्ची ओढून बसेल आणि सांगेल. चिडणाऱ्याला गेटपर्यंत पोचवून या.