सन-ओकनं घडवलेलं चिलखत

मित्रांनो, मी एका जुन्या चिलखताचा उरलेला तुकडा आहे. मला हातात धरता येणार नाही, कारण जॉन्जू शहरातल्या तक गि-सू नावाच्या पोस्टमनच्या संगणकात जो लढाईचा खेळ आहे, त्यात मी राहतो. पण मार मी खराच खाल्ला आहे.

मला घडवलं त्याच्या बायकोनं, सन-ओकनं. दोघं शेजारीशेजारी बसून खेळायची. तो लढवय्या, ती लोहार. आमच्या खेळात जो घडवतो त्याचं नाव वस्तूवर उमटतं. माझ्या छातीवर तिचं उमटलं. "घाला हे, ये-जिनचे अप्पा," ती म्हणाली होती, "आणि आता सगळ्यांच्या पुढे नाचायला जाऊ नका." तो अर्थातच पुढे गेला.

माझं काम सोपं होतं. शंभराचा घाव आला की चाळीस मी गिळायचो, साठ त्याला लागायचे. आगीचा मार मात्र माझ्यातून आरपार जायचा. तिथं माझा इलाज नव्हता. घाव झेलून मी खिळखिळा झालो की सन-ओक मला ठोकूनठाकून नीट करायची. पण दर डागडुजीला माझं आयुष्य एकानं उतरायचं. साठाचं एकोणसाठ, एकोणसाठाचं अठ्ठावन्न. शून्यावर आलो की मी संपणार, छातीवरच्या नावासकट. त्याला धास्ती वाटायची. ती म्हणायची, "संपू द्या की. मी दुसरं घडवीन."

मग ती आजारी पडली, आणि दुसरं घडवायचं राहूनच गेलं.

ती गेली तेव्हा माझे नऊ उरले होते. गि-सूनं मला खेळातल्या पेटीत ठेवलं. टपाल वाटून आला की तो पेटी उघडायचा, नाव वाचायचा, पेटी मिटायचा. लढाईला जाणं त्यानं सोडलंच. सोबत्यांनी हाका मारून पाहिल्या, तककाका आता पेटीचे पहारेकरी झालेत म्हणून टोमणे मारले, आणि शेवटी तेही गप्प झाले. मित्रांनो, घाव खाताना मला कधी दुखलं नव्हतं. त्या पेटीत दुखलं.

हे ये-जिनला, त्याच्या लेकीला, बघवेना. सुटीला आली होती. बाप डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणायला गेलेला पाहून तिनं मला खेळातल्या भट्टीवर नेलं. तिथं हातोडा जमला तर वस्तूचं आयुष्य पुन्हा साठ होतं; फसला तर ती फुटते. भट्टीवर जाणारा जो तो एक तोडगा करतो: आधी दोन भंगार तलवारी फोडायच्या, म्हणजे वाईट नशीब तिथंच खर्च होतं. तिनंही तसंच केलं. दोन्ही फुटल्या, तेव्हा तिचा चेहरा उजळला. मग तिनं मला ठेवलं.

पण हातोड्याला आधीचं काही आठवत नसतं. मी फुटलो.

गि-सू पाण्याचे कॅन घेऊन परतला तर लेक पडद्यासमोर रडत होती. तुम्ही पुन्हा घालावं म्हणून केलं, एवढंच तिला सांगता आलं. त्यानं कॅन खाली ठेवले. माझ्याकडे, म्हणजे नाव नसलेल्या एका लोखंडाच्या तुकड्याकडे, त्यानं पाहिलं.

"तू तरी घालण्यासाठी बाहेर काढलंस गं," तो म्हणाला. "तुझ्या आईनं ते ठेवायला दिलंच नव्हतं."

मित्रांनो, कुणी मायेनं काही करून दिलं तर ते जरूर जपा. पण अंगावर घालून जपा.

गि-सू आता पुन्हा लढाईला जातो. त्याचं दुकानातलं चिलखत जेमतेम वीस गिळतं. मी त्याच्या पिशवीत, पहिल्याच कप्प्यात असतो. घाव येताना दिसला की सवयीनं माझे चाळीस गिळायला पुढे होतो.

माझ्यानं काहीच अडत नाही. उरलेले ऐंशी त्याला लागतात.