रे रोडचा थरथरता तांब्या

रे रोडच्या लाकडाच्या वखारीत शे-दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. भिंतीपलीकडं लाकूड कापायची करवत घरघरत होती. चौरंगावरच्या तांब्यातलं पाणी आपोआप थरथरत होतं.

"दर्याचा कोप!" चौरंगामागं बसलेला दर्याबाबा ओरडला. "नवस बोला, पाणी शांत होईल. मग खुशाल होड्या लोटा. वेधशाळा-बिधशाळा सब झूठ!"

सखुबाई कोळणीनं नवस बोलला. पाणी थांबलं. सगळ्यांचे हात जोडले गेले.

गिरण्यांच्या संपाला दहा महिने झाले होते. माझा धाकटा भाऊ लवू लूमवरचा कामगार. घरात दोन पोरं, म्हणून सखुबाईच्या होडीवर खलाशी व्हायला निघाला होता. मी कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपयंत्राचा कागद बदलते. दोन दिवस त्यावरची रेघ जाड, दातेरी उमटत होती. भूकंप नव्हता. दूर समुद्रात वादळ उठलं होतं; लाटांच्या माऱ्यानं तळ हादरत होता आणि तो हादरा जमिनीतून मुंबईपर्यंत पोचत होता. रेडिओवर इशाराही दिला होता.

"लवू, जाऊ नको," वखारीतल्या गर्दीत त्याला गाठून मी म्हणाले.

"ताई, वादळानं जमीन हलते, हे तूच सांगतेस ना? मग बाबा वेगळं काय बोलतो?"

मी वेणीतला एक केस ओढून त्याच्यासमोर धरला.

"अरे, ती हालचाल केसाहून बारीक. यंत्राशिवाय कळत नाही. आणि नवसानं थांबत नाही. काल इथं एवढे नवस झाले, तरी आमची रेघ आज सकाळीही जाडच होती."

तेवढ्यात भिंतीपलीकडची करवत जेवणाच्या सुट्टीसाठी बंद पडली. बाबानं पुढच्या माणसासाठी मंत्र पुटपुटला. पाणी ढिम्म.

"देव विश्रांती घेतायत," तो म्हणाला.

मी पुढं होऊन चौरंगावरचं कापड उचललं. खालची फळी भिंतीच्या भोकातून थेट करवतीच्या यंत्राला टेकली होती. बाबाच्या पायाच्या अंगठ्याशी, फळी आणि चौरंगाच्या मधे सरकणारी लाकडी पाचर. लवूनं करवत सुरू करायला लावली, पाचर आत ढकलली, तांब्या थरथरला. बाहेर ओढली, थांबला.

बाबा मागच्या दारानं पळाला. सखुबाईनं होडी काढली नाही. पण गर्दीतली तुळसा तांब्या दोन्ही हातांनी धरून ओरडली. "माझा घरवाला पहाटंच गेला वो! काल ह्याच तांब्यासमोर नवस केलावता."

वादळ गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या होडीच्या फळ्या तेवढ्या सापडल्या. आठवड्यानं तुळसा वेधशाळेत आली. कागदावर बोट ठेवून म्हणाली, "बाय, यात तो कुठं दिसतो का गो?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

यंत्राला वादळ कळतं, माणूस नाही. देव मानायचा की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण कुणाच्या शब्दावर घरचा माणूस समुद्रात धाडण्याआधी एवढं विचारा: हे कशानं होतं? आणि असं विचारणाऱ्याला गप्प बसवू नका.