फ्रीव्हीलमधले कुत्रे

संदीपने सायकलला नवं फ्रीव्हील बसवलं, त्या रविवारची आठवण चांगुणाबाईंना पुढे जन्मभर नकोशी झाली. त्या दिवशी मात्र त्या लेकाशेजारी अंगणात बसून कौतुकाने सगळं बघत होत्या.

सायकल म्हणजे संदीपचीच करामत. साखर कारखान्यातल्या या वायरमनने भंगारातली मोटर आणि जुनी बॅटरी जोडून बहिणीसाठी विजेवर पळणारी सायकल उभी केली होती. शुभांगीचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. श्रीरामपूरच्या एसटीडी बूथवर नोकरी लागली, पण एसटीच्या दारातल्या रेटारेटीत तिचे हाल व्हायचे. आता ती ऐटीत जायची. सपाटीला मोटर ओढायची, आणि कॅनॉलच्या पुलाचा चढ आला की ती उजव्या पायाने पायडल मारायची. तेच पायडल आठवडाभर मधूनच निसटत होतं.

संदीपने मागचं चाक काढलं, त्यावरचं साखळी बसते ते गंजलेलं दातेरी फ्रीव्हील छिन्नी-हातोड्याने ठोकून ठोकून सोडवलं आणि फोडून आईपुढे धरलं. आत नखाएवढे लोखंडी तुकडे होते.

"ह्ये बघ आई, ह्यांना कुत्रे म्हंत्यात. ह्येच टकटक करत्यात."

"कुत्रे? आत बी कुत्रेच का!" चांगुणाबाई हसल्या, पण त्यांची नजर गल्लीकडे गेली.

कारण बाहेरच्या कुत्र्यांनी त्यांची झोप उडवली होती. सायकलची टकटक ऐकली की गल्लीतली चार-पाच कुत्री उठायची आणि भुंकत शुभांगीच्या मागे थेट पुलापर्यंत धावायची. कारखाना चालू झालेला, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रीघ. एखादं कुत्रं आडवं आलं आणि पोरगी पडली, तर एका पायावर ती उठणार कशी? त्यांनी दगड मारून पाहिले, काठी उगारून पाहिली. कुत्री काही हटत नव्हती.

संदीपने चाकाच्या आसात डब्यातलं ग्रीस भरलं, फ्रीव्हीलमध्ये मात्र पातळ तेलाचे दोनच थेंब सोडले. चाक बसवून फिरवलं. नवं फ्रीव्हील जुन्यापेक्षाही जोरात वाजलं. "झ्याक!" म्हणत तो जेवला आणि रातपाळीला निघून गेला.

ग्रीसचा डबा तिथेच राहिला. जे आसाला चांगलं ते ह्यालाही चांगलंच की, असं चांगुणाबाईंच्या मनाने घेतलं. त्यांनी ग्रीस चुलीवर पातळ केलं, खराट्याच्या काडीने थेंब थेंब फ्रीव्हीलच्या फटीत सोडलं आणि चाक फिरवत राहिल्या. टकटक मंदावली, मग पार बंद झाली. आतले कुत्रे गप्प झाले, आता बाहेरचेही होतील. त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या रात्री किती दिवसांनी स्वस्थ झोपल्या.

सकाळी थंडी कडाक्याची होती. शुभांगी सावलीसारखी गल्लीतून निघून गेली. कुत्र्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

संदीप रातपाळीहून आला आणि झोपला. दुपार कलल्यावर उठून चहा पिताना त्याची नजर चुलीशेजारच्या डब्यावर गेली.

"आई, ग्रीस का तापवलं?"

त्यांनी हौसेने सांगितलं. त्याने बशी खाली आदळली.

"आगं, ते कुत्रे आतल्या दातात अडाकले तरच पायडल लागतं! ग्रीस थिजलं म्हंजी चिकटून बसले ते. पायडल नुस्तं रिकामं फिरंल!"

"मग सकाळी कशी गेली?"

"सकाळी ब्याटरी फुल व्हती, मोटरनंच चढ काढला आसंल. येताना ब्याटरी उतारती. पुलावर पायडलच लागतंय. सायकल मागं आली तर? मागं ट्रॉल्या..."

पुढचं न बोलता तो किराणा दुकानातल्या फोनकडे पळाला. बूथवरून उत्तर आलं, ताई आत्ताच निघाल्या. दुकानदाराची सायकल ओढून तो पुलाच्या दिशेने सुटला.

चांगुणाबाई अनवाणीच गल्लीच्या तोंडाशी आल्या. दिवस मावळत होता. कोपऱ्यावर कुत्री ओळीने बसली होती, पुलाकडे तोंड करून, कान टवकारून.

"शुभांगीची वाट बघत्यात," दळण घेऊन चाललेली शेजारची जयमाला म्हणाली. "रोज डब्यातली भाकरी ठिवती ती ह्यांच्यासाठी. सायकल वाजली का पळालीच समदी. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

चांगुणाबाईंनी कुत्र्यांकडे पाहिलं. याच कुत्र्यांना त्यांनी दगड मारले होते. आता त्याही त्यांच्यासारख्याच कान देऊन उभ्या राहिल्या. वाजू दे, एकदा वाजू दे, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, आणि ती टकटक आपणच आपल्या हाताने बंद केली हे त्यांना माहीत होतं.

पुलाकडून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. वाजतच राहिला. मग ब्रेक करकचले, काहीतरी लोखंडी चिरडल्याचा आवाज आला, आणि संदीपची हाक ऐकू आली, "शुभे!" त्याने पुन्हा हाक मारली. ओ आली नाही.

चांगुणाबाई धावत सुटल्या. कुत्री जागची हलली नाहीत. ती अजून टकटकीची वाट बघत होती.