हात ठेवायचा गुरुवार

“चहाला साखर लई घालती गं ती, पण पोरगं कुठं दिसतंय कधी?”

प्रार्थना चालली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि कुशाबाईच्या पाठीमागं बसलेली एस्तेरबाई शेजारणीच्या कानात हे बोलली. डोळे मिटले की आपला आवाजही कुणाला ऐकू जात नाही, असा एस्तेरबाईचा समज होता. कुशाबाईला आपल्या साखरेपासून आपल्या पोरापर्यंत सगळं ऐकू आलं. तिनं डोळे आणखी घट्ट मिटून घेतले, जणू त्यानं कानही मिटणार होते.

अवसरी खुर्दला ख्रिस्ती घरं मोजकीच. त्या घरांतल्या आयांची दर गुरुवारी संध्याकाळी सभा भरायची, आज हिच्याकडं, पुढच्या गुरुवारी तिच्याकडं. गाणी, वचन, प्रार्थना, चहा. आणि शेवटी एक रीत होती, कुठल्याशा जुन्या पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या बायकोनं, घालून दिलेली. जिच्या घरी सभा, तिनं आपल्या लेकरांना समोर बसवायचं, त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि घरासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. लेकराला मिशा फुटल्या म्हणून सुटका नव्हती. आईनं घर देवाच्या धाकात राखलंय का नाही, ते तिच्या हाताखाली कुणाकुणाचं डोकं येतं यावरून बायका ताडायच्या. बोलून कुणी दाखवायचं नाही. निदान मोठ्यानं नाही.

आजची सभा नूतनबाईकडं होती. तिचा शमुवेल इंजिनिअरिंगला होता, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा वाढलेला. सगळी गाणी होईस्तोवर तो ढोलकी वाजवत होता. आईनं नुसतं “ये रे” म्हटलं, तशी ढोलकी बाजूला सारून तो तिच्यापुढं मांडी घालून बसला. नूतनबाईनं त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. एकानं भागलं नसतं का, असं कुशाबाईच्या मनात आलं. चोरून उघडलेल्या एका डोळ्यातून तिला ते तेल लावलेलं, वाकलेलं, आज्ञाधारक डोकं दिसलं आणि तिनं तो डोळाही मिटून घेतला.

तिचा एकुलता एक संदेश चार वर्षांत सभेच्या सतरंजीवर बसला नव्हता. बाप गेल्यापासून. टोमॅटोची पिकअप चालवायचा, आईला कशाला कमी पडू द्यायचा नाही, नाताळात चर्चला रंग द्यायला शिडीवरही चढायचा. पण प्रार्थना सुरू झाली की हा बाहेर. का, ते त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि कुशाबाईला तर नव्हतंच नव्हतं.

नूतनबाईचं ‘आमेन’ झाल्यावर आताच्या पाळकीणबाई म्हणाल्या, “आणखी कुणाला प्रार्थना करायची असेल तर करा.”

कुशाबाई वाटच बघत होती. “हे दयाळू बापा, नूतनबाईंचा शमुवेल किती गुणी लेकरू! त्याचे गणिताचे दोन विषय राहिलेत, ते तुला ठाऊकच हाय. यंदा तरी सोडव बापा. ढोलकीतून त्याला अभ्यासालाबी थोडी सवड दे.”

कुणीतरी खोकलं. शमुवेलची मान लाल झाली.

नूतनबाईनं लांब श्वास घेतला. “आन् बापा, कुशामावशींच्या संदेशची पावलं तुझ्या घराकडं वळव. गाडी कशी रोज नारायणगावच्या मार्केटला न चुकता वळती, तशी.”

“हे आमच्या स्वर्गातील पित्या...” पाळकीणबाईंनी घाईनं प्रभूची प्रार्थना सुरू केली. बायका भांडायच्या बेतात असल्या की त्यांना एका सुरात आणायला ती फार उपयोगी पडायची.

मग सलाम. एकमेकींना सलाम केल्याशिवाय उठायचं नाही, हीसुद्धा रीतच.

“सलाम, नूतनबाई.”

“सलाम, मावशी. पुढचा गुरुवार तुमच्याकडं न्हवं? बरं झालं, सगळेच भेटतील.”

ते ‘सगळेच’ कुशाबाई घरापर्यंत घेऊन आली. रात्री उशीवर डोकं टेकताना ती रोज देवाकडं लेकाचं मन मागायची. त्या रात्री तिनं तेवढं मागितलं नाही. गुरुवारी त्याला घटकाभर बसव, एवढंच म्हणाली. नूतनच्या समोर.

दुसऱ्या दिवशी तिनं मासवडी केली. संदेशनं ताटात पाहिलं, मग आईकडं.

“काय काम काढलंस माझ्याकडं?”

“काम कशाला? खा की गप.”

“मासवडी उगं न्हाई होत आपल्यात.”

“गुरुवारी सभा हाय,” कुशाबाई चुलीकडं बघत म्हणाली. “बस थोडा वेळ. डोळे न्हाई मिटलेस तरी चालंल.”

“कुणासाठी बसू आये? देवासाठी का नूतनकाकूसाठी?”

“तिचा शमुवेल बसतो!”

“बसणारच. दोन विषय राहिलेत त्याचे.”

कुशाबाईला हसू येत होतं, ते तिनं पदरात दाबलं. संदेश मात्र हसत नव्हता. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो हळू म्हणाला, “आन् मी बसलो, आन् परत माझंच काय कमी पडलं तर?”

कुशाबाईनं रश्शाचं पातेलं पुढं ओढलं. “मीठ कमी पडलंय का रं? देऊ का?”

तो तिच्याकडं बघत राहिला. “न्हाई आये. मीठ बराबर हाय.”

गुरुवार आला. कुशाबाईनं घर सारवल्यासारखं पुसून काढलं, लग्नातला कपांचा सेट काढला, साखर हात राखून टाकली. बायका आल्या, शमुवेल ढोलकी घेऊन आला. गाणी झाली, वचन झालं. कुशाबाईचं लक्ष रस्त्याकडं. दोनदा गाडीचा आवाज आला, दोन्ही गाड्या पुढं निघून गेल्या.

“आता घरासाठी प्रार्थना,” पाळकीणबाई म्हणाल्या.

कुशाबाई उभी राहिली. समोर रिकामी सतरंजी होती. मार्केटला आज लई आवक, माल उतरवता उतरवता अडकला बिचारा, असं सगळं तिनं जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तोच अंगणात पिकअप थांबली. नळाचं पाणी वाजलं. ओल्या पायांनी संदेश आत आला, टोमॅटोच्या डागांच्या शर्टानं तसाच, आणि कुणाकडं न बघता आईच्या पुढ्यात बसला.

एस्तेरबाईनं शेजारणीला कोपर मारलं. कुशाबाईनं एक नाही, दोन्ही हात ठेवले.

“हे बापा, तुझे लई उपकार! माझं लेकरू तू आज...” म्हणत तिनं एक डोळा उघडला. नूतनचं तोंड कसं उतरलंय, तेवढं तिला बघायचं होतं.

नूतनबाईचे डोळे उघडेच होते. ती संदेशकडं बघत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. हे तोंड कुशाबाईनं आधी एकदा पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या आवारात, हातात जेवणाचा डबा घेऊन उभी होती नूतन. कुशाबाई तेव्हा संदेशला जे बोलली, ते तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानंतर प्रार्थनेतून, चहावरून, साडीवरून नूतननं तिला किती टोचलं. ते एक मात्र कधी उचललं नाही.

कुशाबाईच्या तळव्याखाली संदेशची मान ताठ झाली होती. आता मार बसणार हे ठाऊक असलेल्या पोरासारखी.

तिचे शब्द थांबले. पाळकीणबाईंनी घसा साफ केला, “हे आमच्या...”

“थांबा जरा पाळकीणबाई,” कुशाबाई म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावरचे हात काढले, गुडघे धरत त्याच्यासमोर खाली बसली, आणि डोळे न मिटता बोलली.

“बापा, हा वाट चुकला न्हाई. मीच ह्याला बाहेर काढलं. ह्याचा बाप गेला त्या दिवशी ह्या लेकराला मी म्हणले, तुझा देवावरचा विश्वास कमी पडला, म्हणून गेला तुझा बाप.”