मुक्कामी विमान

धाराशिवला प्रवासी विमान उतरत नाही, हे अप्पांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सगळा जन्म धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुममध्ये गेला माझ्या वडिलांचा. तरी शंभू गेल्यापासून रोज दिवेलागणीला ते हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून शंभूच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि सोलापूरहून धाराशिवला येणाऱ्या विमानाची वाट बघायचे. अव्वा, आमची आई, चहा आणून ठेवायची. पडद्यावर आधी एक ठिपका दिसायचा, मग छोटं पांढरं विमान. ते धाराशिवच्या धावपट्टीवर चाकं टेकवायचं, कडेला जाऊन उभं राहायचं, पंखा थांबायचा. मग अप्पा म्हणायचे, "आली गाडी." तोवर निवलेला चहा एका घोटात संपवायचे. मला ते बघवत नसे. त्या वेळेला मी मुद्दाम काहीतरी काम काढून बाहेर पडायची.

शंभू, म्हणजे शंभुलिंग, माझा धाकटा भाऊ. कुणी विचारलं काय करतोस, तर हा म्हणणार, "विमानं चालवतो." मग गावानं टिंगल केली तर गावाचं काय चुकलं? दिवसा उमरग्याला एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि घरी आला की हे वेड. विमान उडवण्याचा एक सिम्युलेटर आहे. तो कुणा कंपनीचा नाही. जगभरातले हौशी लोक मिळून बनवतात. कुणीही त्याचा प्रोग्रॅम उघडावा, वाचावा, सुधारावा आणि परत सगळ्यांना द्यावा, अगदी फुकट. मी एकदा त्याला 'खेळ' म्हणाले तर हा तोंड फुगवून बसला.

आता त्यात आपण आपलं विमान उडवत असलो, तर आभाळात बाकीचीही विमानं पाहिजेत. ती कॉम्प्युटर चालवतो. वेळापत्रकाप्रमाणे ती जागेवरून निघतात, रांगेत थांबतात, उडतात, उतरतात. आत माणूस नाही की काणूस. ही वर्दळ नीट चालावी, हे शंभूचं काम. कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, आणि मी कॉम्प्युटर क्लास चालवत असूनही मला त्यातलं फारसं कळत नव्हतं.

अप्पा मुरुमच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी आवाज स्टँडवरचाच राहिला. एकदा शंभूच्या मागं उभं राहून विमानं बघता बघता ते भडकले.

"हे काय? मुंबईची गाडी अजून टेकली न्हाई आन् तू सोलापूरची सोडलास व्हय?"

"तिची वेळ झाली, अप्पा."

"वेळ झाली म्हणं! मुंबईच्या गाडीतली माणसं कुठं जातील? स्टँडवर झोपतील?"

"त्यात माणसंच न्हाईत, अप्पा."

"मग गाडी सोडतोस कशाला?"

मी हसून हसून बेजार झाले. पण अप्पांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं होतं. आलूरला मुक्कामी जाणारी शेवटची गाडी त्यांनी सोलापूरची गाडी आल्याशिवाय कधी सोडली नव्हती. मुक्कामी गाडी, म्हणजे गावात जाऊन तिथंच झोपणारी आणि सकाळी तिथूनच निघणारी. ती चुकली की माणूस अडकला. ड्रायव्हर कुरकुरायचे, आत बसलेली माणसं शिव्या घालायची. अप्पा ढिम्म.

शंभूनं ती रीत प्रोग्रॅममध्ये घातली. एखाद्या विमानाला सांगून ठेवता यायला लागलं, की अमुक विमान आल्याशिवाय तू हलायचं नाही. आणि खास अप्पांसाठी त्यानं सोलापूर ते धाराशिव असं एक विमान सुरू केलं. मुंबईचं विमान आल्यावरच सुटायचं, धाराशिवला मुक्काम. हॉलंडमधले एक निवृत्त शिक्षक या सगळ्या कामावर देखरेख ठेवत. आमच्या घरात त्यांचं नाव हॉलंडचे मास्तर. ते आधी हसले म्हणे, विमानं अशी कुणासाठी थांबत नसतात. मग नॉर्वेच्या कुणीतरी आपल्या बेटांवर जाणाऱ्या छोट्या विमानांसाठी तीच अट वापरली, मग आणखी कुणी, आणि शंभूची अट त्याच्या नावानिशी कायम झाली. त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. कशाचे पेढे, ते अव्वाला कळलं नाही, पण तिनं देवापुढं ठेवून गल्लीभर वाटले.

मग पावसाळा सरता सरता तो तापानं पडला. डेंगी निघाला. सोलापूरला नेलं, सोबत आमचे रेवणप्पा काका, अप्पांचे धाकटे भाऊ. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आम्ही घरी होतो. एका सकाळी काकांचा फोन आला.

"दादा, शंभूला घिऊन निघालोय. बरं हाय. तुमी घरीच थांबा."

बरं हाय. अव्वानं गुरगुट्या भात टाकला, अंघोळीचं पाणी तापवलं, त्याची गादी उन्हात घालून आणली. अप्पा दारात खुर्ची टाकून बसले. गल्लीतली माणसं एकेक करून येऊन आमच्या घरापुढं उभी राहायला लागली. कुणी नजर देईना. अप्पा मात्र त्यांना सांगत होते, "अरे, बरा होऊन यायलाय पोरगा. गर्दी कशाला करताव?"

सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त आम्हा तिघांना नव्हतं. आमच्याकडं असंच करतात. माणूस गेला तरी घरच्यांना 'सिरियस आहे' म्हणतात, 'घेऊन येतोय' म्हणतात. म्हाताऱ्यांना धक्का बसू नये म्हणून, मायेपोटी करतात. त्या मायेचा मला आजही संताप येतो.

शंभूला गाडीतून उतरवलं तेव्हा अव्वा आत भातावर तूप घालत होती. अप्पा खुर्चीतून उठले, बघितलं, आणि काकांना एवढंच म्हणाले, "रेवण, मला खबर का दिली न्हाईस?"

"दादा, तुमचं बीपी..." काका म्हणाले.

आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे शेतात शंभूला बसवून माती दिली. लिंगैक्य झाला, असं स्वामी म्हणाले. शंभू गेला, हे शब्द अप्पांनी कधी उच्चारले नाहीत आणि काकांशी बोलणंही टाकलं. एकाच गल्लीत दोन घरं, दारं समोरासमोर, आणि अप्पा बाहेर आले की काका आत जायचे.

हॉलंडच्या मास्तरांना कळवते, असं मी म्हणाले तर अप्पा अंगावर आले. "कशाला? म्हातारा माणूस हाय. जीव लावलाय त्यानं पोराला. उगं धक्का बसंल. कामात हाय म्हणून समजू दे की." मी कळवलं नाही. तेवढ्यासाठी त्यांच्याशी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

उन्हाळा लागला आणि एका संध्याकाळी विमान आलं नाही. अंधार पडला तरी अप्पा बसून. अव्वानं चहा दोनदा गरम केला. शेवटी मला हाक आली. मी शोधलं तर विमान सोलापूरलाच होतं. पंखा फिरतोय, दिवे लुकलुकतायत आणि ते जागचं हलत नाही. त्याच्या मागं दुसरी विमानं खोळंबलेली.

मग मी मन घट्ट करून शंभूची मेल उघडली. हॉलंडच्या मास्तरांचे निरोपच निरोप. कुणीतरी चांगल्या हेतूनं जुनं वेळापत्रक साफ केलं होतं, त्यात मुंबईचं ते विमान काढून टाकलं गेलं, आणि तो बदल त्या दिवशी आपोआप आमच्या कॉम्प्युटरवरही आला. सोलापूरचं विमान, त्याला सांगितलेलं तसं, वाट बघत उभं. नॉर्वेलाही तेच, आणखी कुठं कुठं तेच. शेवटचा निरोप असा होता: 'शंभू, तू कुठे आहेस? बाकीचे म्हणतात ही अट काढून टाका. मी त्यांना थांबवून धरलं आहे, शंभू येईल आणि नीट करेल म्हणून. पण आता रविवारपर्यंतच थांबता येईल.'

अट गेली की तिच्यावर बेतलेलं मुक्कामी विमानही गेलं. शंभूच्या हातचं तेवढंच जगात उरलं होतं, तेही जाणार, आणि अप्पा संध्याकाळी कुणाची वाट बघणार? मी क्लासला सुट्टी दिली आणि शंभूचा प्रोग्रॅम घेऊन बसले. त्यानं जागोजागी समजुतीच्या ओळी लिहून ठेवल्या होत्या. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'हे अप्पांच्या सांगण्यावरून.' ते वाचून मी तोंडात पदर कोंबून रडले. मग डोळे पुसून मला जमण्यासारखा सोपा उपाय केला. अर्धा तास वाट बघायची, नाही आलं तर निघायचं. मोठ्या ऐटीत अप्पांना दाखवलं.

"अर्धा तास झाला म्हणून सोडणार?" अप्पा म्हणाले. "आन् तेवढ्यात ती आली तर?"

"अप्पा, किती वेळ थांबवायचं तिला?"

"येईस्तोवर."

"ती येणार नाही!" माझा आवाज चढला. "वेळापत्रकातूनच काढलंय तिला. कितीही वाट बघा, ती यायची नाही!"

अव्वा दारात येऊन उभी राहिली होती. मी जीभ चावली. अप्पा पडद्याकडंच बघत होते. ते म्हणाले, "हे हिला कुणी सांगितलं?"

"कुणाला?"

"ही थांबलीय, हिला."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. "तुमच्या वेळी कधी सोलापूरची गाडी आलीच नाही, असं झालं नाही?"

"झालं की. पुलावर पाणी चढलं की व्हायचं."

"मग आलूरची गाडी?"

"मग तिकडनं फोन यायचा, गाडी रद्द म्हणून. म्या माईकवर सांगायचो आन् आलूरची सोडायचो. लोक हळहळायचे, पर गाडीत बसायचे. खबर येईस्तोवर थांबायचं. खबर आली की मग थांबायचं न्हाई, महेश्वरी. मग थांबून उपयोग न्हाई." बोलता बोलता ते अडखळले. माझ्याकडं वळले. "त्या हॉलंडच्या म्हाताऱ्याला आपण कळवलं न्हाई न्हवं?"

"तुम्हीच नको म्हणालात."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "रेवणनं माझ्याशी केलं, तेच म्या त्याच्याशी केलं गं."

मग ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेले. "म्हणावं, मी शंभूचा बाप. शंभू आता येणार न्हाई. तुमाला आदीच कळवायला पायजे होतं. वाट बघत बसू नका." अव्वा उंबऱ्यावर खाली बसली आणि त्या सबंध काळात पहिल्यांदा मोकळी होऊन, मोठ्यानं रडली. अप्पांनी तिला गप्प केलं नाही.

मास्तरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात प्रोग्रॅमबद्दल एक अक्षर नव्हतं. शंभू कसा माणूस होता, एवढंच लिहिलं होतं, आणि मी ते अप्पांना वाचून दाखवताना दोनदा थांबले. नंतर मी त्यांना अप्पांची रीत कळवली. तेवढी एकच गोष्ट शंभूकडून राहून गेली होती. वाट बघायला त्यानं शिकवलं होतं, पण येणारं येणार नसेल तर ते वाट बघणाऱ्याला कळवायची सोय नव्हती. मास्तरांनी कुठं काय बदलायचं ते धीरानं दाखवलं, मी चुकत चुकत केलं. आता कुणी एखादं विमान वेळापत्रकातून काढलं, की त्याच्यासाठी थांबलेल्या सगळ्यांना लगेच खबर जाते. अट तशीच राहिली, शंभूचं नावही.

रविवारी दिवेलागणीला आम्ही तिघंही बसलो. पडद्याच्या तळाशी ओळ उमटली, मुंबईचं विमान येणार नाही. सोलापूरचं विमान क्षणभर तसंच उभं राहिलं. मग हललं, वळलं, धावपट्टीवर आलं आणि उडालं. मागची खोळंबलेली विमानंही एकेक करून सरकली. थोड्या वेळानं ते धाराशिवला उतरलं, कडेला गेलं, पंखा थांबला.

अप्पा 'आली गाडी' म्हणाले नाहीत. त्यांनी चहाला हात लावला नाही. खिशातून फोन काढला आणि समोरच्या घरात लावला. काकांनी लगेच उचलला.

"रेवण," अप्पा म्हणाले, "शंभूची काय खबर?"

मला वाटलं, अप्पांचं डोकं फिरलं. अव्वानं माझा हात घट्ट धरला. फोनवरचं आम्हालाही ऐकू येत होतं.

"दादा," काका शेवटी म्हणाले, "शंभू गेला, दादा. पहाटंच गेला."

"व्हय?" अप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. "बरं केलास सांगितलास."