माझ्या झोपेतला 'कुर्र'

मी एक जुना हवेचा पंप आहे. मुठीएवढा, एका पायाचं रबर निघालेला. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या काचेच्या टाकीपाशी गेली. नळीतून मी पाण्यात बुडबुडे सोडायचो. "हा आहे म्हणून मासे आहेत," असं संशोधक ताई पाहुण्यांना सांगायच्या. ते ऐकून मी फुशारून जायचो आणि आणखी जोरात घुमायचो.

टाकीत बोटाच्या पेराएवढे दोन मासे होते, पट्ट्या आणि ठिपक्या. ताई रोज तासभर त्यांचे आवाज टिपत. त्यासाठी पाण्यात मायक्रोफोन सोडत आणि माझी घरघर नको म्हणून मला बंद करत. मग मला डुलकी लागे. दरवेळी स्वप्न एकच. हिरवट उजेडात कुणीतरी हळूच 'कुर्र' करतंय, पलीकडून तसंच उत्तर येतंय, आणि मग सगळं शांत. फार गोड वाटायचं.

जागा झालो की मात्र वेगळंच दिसे. पट्ट्या ठिपक्याच्या अंगावर धावून जाई, त्याच्या शेपटीचे लचके तोडी. ठिपक्या तळाशी कोपऱ्यात पडून राहू लागला. त्याने खाणंही सोडलं.

"मावशी, हा काही आठवडा काढत नाही," ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आणि माझ्या वहीत एकही भांडण नाही हो! मी ऐकायला बसले की दोघं कसे शहाण्यासारखे वागतात."

टाक्या धुणाऱ्या मावशींनी हात पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही ऐकता तेव्हा हा बंद असतो ना! आधी गुरगुरून बजावत असतील बिचारे. ह्याच्या गोंगाटात ते ऐकू कसं जाणार? मग काय, सरळ चावाचावी."

ताईंनी तिथल्या तिथे मला बंद केलं. डोळा लागता लागता मी पाहिलं. पट्ट्या पुढे सरकला. 'कुर्र.' ठिपक्याने बारीकसं उत्तर दिलं आणि तो बाजूला झाला. पट्ट्या मागे वळला. चावा नाही, काही नाही. मित्रांनो, ते माझं स्वप्न नव्हतंच. मला फार लाज वाटली.

आता टाकीत पाणवनस्पती दाट वाढल्या आहेत आणि मी सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ चालतो. बाकी वेळ धूळ खात, ऐकत पडून असतो. तुमच्याजवळ दोघं कुरबुरत असतील, तर तेवढा वेळ आपली घरघर थांबवा, एवढंच माझं मागणं आहे.

ठिपक्या पोटभर खातो आता. त्याच्या शेपटीला एक खाच तेवढी राहिली आहे. ती पट्ट्याने पाडली, असं ताईंच्या वहीत लिहिलेलं आहे. कुणीतरी तिथे माझं नाव लिहा.