पिशवीवरचा नवरा

लामदुआनचा नवरा चरून उभ्या आयुष्यात कधी बाजाराला गेला नाही. लसूण संपलाय म्हणून सांगितलं की 'बघू' म्हणायचा आणि बैल बघायला निघून जायचा. फेचबुरीच्या आसपास ताडांच्या गावांत जिथे जिथे बैलांच्या शर्यती लागत, तिथे भोंग्यावरून बोलायला चरून ठरलेला. आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाला पत्ता लागत नसे. मैदानात बोलून त्याचं पोट भरत नसे, म्हणून घरी आल्यावर जेवताना बोलायचा, आंघोळ करताना बोलायचा, झोपेतही एखादा बैल शर्यतीत पळवायचा. चाळीस वर्षं लामदुआन 'हं' म्हणत आली.

थंडीच्या तोंडावर एक दिवस तो बोलता बोलताच गेला. वाक्य अर्धंच राहिलं. पुढे काय म्हणणार होता ते काही कळलं नाही.

लेक कानिका बँकॉकहून धावत आली आणि रडून झाल्यावर कामाला लागली. तिकडच्या रीतीप्रमाणे दहनाला अजून आठ-दहा दिवस होते.

"आई, दहनाला येतील त्यांना आठवण म्हणून काय द्यायचं?"

"काय म्हणजे? सर्दीत नाकाला लावून हुंगायच्या वासाच्या नळ्या देऊ. सगळे तेच देतात."

"घराघरात ढीग पडलेत त्या नळ्यांचे. नाकपुड्या दोनच असतात गं माणसाला! आपण कापडी पिशव्या देऊ. नव्या वर्षापासून दुकानांत प्लास्टिकची पिशवी मिळणार नाहीये. लोकांची सोय होईल, आणि बाबांची आठवणही राहील."

लामदुआनला ते पटलं. तिने एवढंच बजावलं, "कापड मात्र जाड घे. तुझ्या बाबांच्या नावाची पिशवी भररस्त्यात फाटली, तर लोक मला नावं ठेवतील."

फोटो शोधायला बसल्या तर प्रत्येक फोटोत चरूनच्या शेजारी एक बैल. बैल नसलेला एकच फोटो सापडला. हातात माइक, आणि तोंड सताड उघडं. कानिकाने तो छापायला दिला. कोपऱ्यात तळहाताएवढा फोटो आणि खाली नाव नि वय, असं तिने सांगितलं होतं. छापणाऱ्याने काय ऐकलं देव जाणे. गठ्ठे उघडून पाहिले तर पिशवीच्या बंदांपासून तळाच्या शिवणीपर्यंत नुसता चरून. खाली ठसठशीत अक्षरांत नाव, आणि 'वय ७२'.

"सोन्याचा दातसुद्धा आलाय," कानिका हळूच म्हणाली.

"आता काय करतेस! परवा दहन आहे. वाट तशाच," लामदुआन म्हणाली.

दहनाच्या दिवशी विहारात ही गर्दी लोटली. एकेकाने चितेपाशी चंदनाचं फूल वाहिलं, दोन्ही हातांनी पिशवी घेतली, गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून चटकन बाहेर पडला. बाहेर गेल्यावर कोण किती हसलं ते लामदुआनला ऐकू आलं नाही. पिशव्या मात्र कमी पडल्या. माणसं मोजून त्यावर भरपूर वाढवून मागवल्या होत्या, तरी शेवटच्या रांगेतल्यांना शेजारणीच्या घरातल्या जुन्या नळ्या देऊन वाटेला लावावं लागलं. घरात ठेवायलाही एक उरली नाही.

कानिका परत गेली. नवं वर्ष लागलं. दुकानांत पिशवी मिळेनाशी झाली. लोक पहिल्या दिवशी बादल्या घेऊन गेले, उशीचे अभ्रे घेऊन गेले, एकजण तर बांधकामावरची हातगाडीच घेऊन दुकानात शिरला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकदमच आठवलं की आपल्या घरी एक चांगली जाड पिशवी आहे.

त्या दिवशी लामदुआन दुखवट्यानंतर पहिल्यांदा बाजारात गेली, आणि दारातच थबकली. समोरून चरून येत होता. त्याच्या डोक्यातून वीतभर लांब चवळीच्या शेंगा बाहेर आल्या होत्या. त्याच्यामागे आणखी एक चरून, काखेत दडपलेला, एकच डोळा बाहेर. भाजीच्या गाळ्यापाशी तीन चरून जमिनीवर टेकून उभे होते आणि तिघेही तोंड उघडून काहीतरी सांगत होते. दारूच्या दुकानाबाहेर मोटारसायकलच्या हँडलला एक लटकत होता. त्याला तिथे बघून मात्र तिला आश्चर्य वाटलं नाही.

"या मावशी!" मासेवाली थोंगयिब ओरडली. थोंगयिब मनाने चांगली, पण जिभेला लगाम नाही. "काका सकाळपासून आठ वेळा येऊन गेले की हो! कधी नव्हे ते."

"गप बस मेली. बांगडे दे."

"कशात देऊ? पिशवी आणलीत?"

लामदुआनकडे पिशवी नव्हती. गावभर नवरा वाटला होता आणि स्वतः हात हलवत आली होती. तिने बांगडे केळीच्या पानात बांधून घेतले आणि घरी पोचेपर्यंत ब्लाउजला माशाचं पाणी लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोसूनही घेतलं असतं. पण परतताना तिला सायबुआ दिसली.

सायबुआचा मोकेंगचा गाळा देवळाच्या रस्त्यावर होता. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून भाजलेल्या त्या वड्या तिच्यासारख्या कुणाला जमत नसत, असं गाव म्हणे. गाव आणखीही म्हणे. लग्नाआधी चरूनने भर मैदानात, बैल धावत असताना, भोंग्यावरून सायबुआला मागणी घातली होती म्हणे. लामदुआनने याबद्दल नवऱ्याला कधी विचारलं नव्हतं, आणि बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणारा चरून या एका विषयावर कधी बोलला नव्हता. त्यामुळेच तिला ते खरं वाटे.

तर ती सायबुआ खांद्याला चरून अडकवून चालली होती. पिशवी धुतलेली आणि चक्क इस्त्री केलेली. चरून तिच्या कमरेला टेकून, सोन्याचा दात दाखवत, खुशाल झुलत होता.

लामदुआन घरी आली ती बांगडे तसेच ठेवून कपाटातले पैसे काढायला गेली. 'नाही परत आणल्या सगळ्या, तर नाव सांगणार नाही,' ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती ठोक बाजारातून घेतलेल्या फुलाफुलांच्या पिशव्यांचा भारा घेऊन दारोदार फिरू लागली. जुनी द्या, नवी घ्या. पण लोक काही केल्या द्यायला तयार होईनात.

"मावशी, त्या फुलांच्या पिशवीत दोन नारळ घातले की तिसऱ्याला बंद तुटतो," थोंगयिब म्हणाली. "काकांच्या पिशवीत मी बर्फ नेते. काका म्हणजे खणखणीत माल!"

दुसरी म्हणाली, नातू रडायला लागला की पिशवी दाखवते, गप्प होतो. तिसरी म्हणाली, खरं सांगू का, घरातली मांजर तीत व्यायलीय. आठवडाभर पायपीट करून लामदुआनच्या हाती तीन पिशव्या लागल्या. एकीला जळकं भोक, एकीला कोळंबीचा असा वास की ती अंगणातच टाकावी लागली, आणि तिसऱ्या पिशवीवर कुणा पोराने चरूनला शिंगं काढली होती.

त्यातच लॉटरीची सोडत झाली, आणि शेवटचे दोन आकडे आले सात आणि दोन.

थोंगयिबने सहज गंमत म्हणून पिशवीवरचा आकडा लावला होता. तिने बाजारात असा काही हंबरडा फोडला की लोकांना वाटलं, हिच्याकडेच कुणी गेलं. तासाभरात बातमी पुलापलीकडे गेली. संध्याकाळपर्यंत चरूनच्या पिशव्या हातातून उतरून भिंतींवर चढल्या. कुणी झेंडूचा हार घातला, कुणी समोर नैवेद्य म्हणून लाल सरबताची बाटली ठेवली. दहनाला न आलेले लोक लामदुआनच्या दारात येऊन सांगू लागले की आम्ही मनाने आलो होतो, आमची पिशवी राहिली. विहाराच्या थोरल्या भिक्खूंकडे ती तक्रार घेऊन गेली, तर तेही म्हणाले, "उपासिके, माणूस गेल्यावर त्याची आसक्ती सोडावी." तिने मान वर केली, तर त्यांच्या मागच्या खुंटीला चरून लटकत होता. गळ्यात हार नव्हता, आत विहाराच्या चुलीसाठी कोळसा होता, एवढाच काय तो दिलासा.

आता सायबुआ उरली होती. तिच्याकडे लामदुआन मुद्दाम गेली नव्हती. शेवटी एका सकाळी तिने स्वतःची ठेवणीतली निळी पिशवी घेतली, रेशमी अस्तराची, आणि तरातरा देवळाच्या रस्त्याला लागली.

सायबुआ नुकतीच गाळा उघडत होती. फळीवर चरून बसला होता, बदकाच्या अंड्यांनी टम्म फुगलेला. गाल भरल्यामुळे तो पुष्कळ तरुण दिसत होता.

"सायबुआताई, ती पिशवी द्या. ही घ्या. हिला अस्तर आहे."

"गावातल्या कुत्र्यामांजरांपर्यंत जाऊन आलीस," सायबुआ हात पुसत म्हणाली. "मी म्हटलं, माझ्याकडे कधी येतेय."

"देताय की नाही?"

"नाही. पिशवी चांगली आहे."

"पिशवी चांगली आहे, की पिशवीवरचा?" लामदुआनचा आवाज चढला आणि 'तुम्ही' कुठल्या कुठे गळून पडलं. "इस्त्री करतेस त्याला! मी चाळीस वर्षं त्याचे शर्ट इस्त्री केले, ते काय तुझ्या कमरेवर झुलण्यासाठी?"

गाळ्यापुढे माणसं थांबू लागली. सायबुआने शांतपणे एक अंडं उचलून उजेडात धरून पाहिलं.

"त्याने मला मागणी घातली होती, ते खरं आहे," ती म्हणाली. "भोंग्यावरून. बैलाचं नाव, मालकाचं नाव, माझं नाव, आणि परत बैलाचं नाव, एका दमात. मी नाही म्हटलं."

"का?" लामदुआनने न राहवून विचारलं.

"का म्हणजे? दर संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा आणि बोलायचा. आमचा आजा कानाने ठार बहिरा, तोसुद्धा म्हणाला, पोरी, याला आवर. जन्मभर ऐकायचं या विचाराने मला ताप भरला. पुढे तुझं लग्न ठरलं तेव्हा मी विहारात जाऊन दिवा लावला गं बाई. म्हटलं, माझ्या वाटचं आता कुणीतरी ऐकणार." तिने पिशवीवर थोपटलं. "आता बघ. तोंड उघडंय, पण आवाज नाही. आत्ता कुठे सोबत बरी वाटते त्याची."

कुणीतरी खुदकन हसलं. लामदुआनने रागाने मागे वळून पाहिलं, पण पाहता पाहता तिच्याच पोटातून हसू वर आलं आणि आवरेना. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता फळीला धरून खाली बसली, आणि बसल्यावर तिला रडू आलं.

"घर फार गप्प झालंय गं ताई," ती म्हणाली. "मी अजून मधूनच 'हं' म्हणते. कुणी काही बोललेलंच नसतं."

सायबुआने जमलेल्या लोकांकडे डोळे वटारले. "काय मोकेंग घ्यायचंय? नाही ना? मग निघा." मग तिने एकेक अंडं काढून टोपलीत ठेवलं, पिशवी झटकली, नीट घडी घालून लामदुआनच्या मांडीवर ठेवली.

"ने."

"आणि तू अंडी कशातून आणशील?"

सायबुआ जरा घुटमळली. फळीखाली वाकली आणि तिने दुसरा चरून बाहेर काढला. कोरा करकरीत, घडीसुद्धा न मोडलेला.

"दोन घेतल्या होत्यास?"

"एक बहिणीसाठी."

"तुझी बहीण वारून पाच वर्षं झाली!"

"म्हणूनच तर तिला स्वतःला येता आलं नाही," सायबुआ म्हणाली. मग ओशाळून पुढे म्हणाली, "मी एकटीच नाही हं. थोंगयिबने चार घेतल्यात. कापड बघितलंस का तू? असं जाड कापड कोण देतं हल्ली मयताला?"

लामदुआनने कोरी पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली, इस्त्रीची परत दिली, आणि जाताना मोकेंगच्या दोन वड्या न विचारता उचलल्या.

त्या दिवसापासून लामदुआन चरूनला घेऊन बाजार करू लागली. वाटेत लोक वाकून नमस्कार करत, तो तिला की पिशवीला हे कळायला मार्ग नव्हता. "मावशी, काका स्वप्नात आले का? काही आकडा बोलले का?" ती म्हणे, "बोलले पुष्कळ. मला झोप लागली." पण लोक ऐकतात थोडेच! ती त्या दिवशी कुठल्या क्रमांकाच्या रिक्षाने आली, वांगी किती घेतली, सगळ्यावरून आकडे काढले गेले, आणि पुढच्या सोडतीला गावाने झाडून पैसे लावले.

आकडा आला भलताच.

बाजारात सुतक पडल्यासारखं झालं. थोंगयिबने पिशवीवरचा हार काढून माशांच्या पाटीत फेकला.

"मावशी, काकांनी बुडवलं हो आम्हाला!"

"मग मला विचारायचं होतंस," लामदुआन म्हणाली. "बैल कुठला जिंकणार हे तो जन्मभर भोंग्यावरून सांगत आला. एकदाही बरोबर आलं नाही. मैदानातली शहाणी माणसं त्याने नाव घेतलेला बैल सोडून बाकी कुठल्याही बैलावर लावायची."

थोंगयिबने कपाळावर हात मारला. "हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी कुणी बोलू दिलं मला?" लामदुआनने पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं. "चल, सहा बांगडे टाक. आणि शेपट्या खाली करून ठेव, नाहीतर डोळ्यात जातील त्याच्या."